पाणी एक, बाटल्या दोन : नीरा खोऱ्यातल्या पाण्याची जुनी गोष्ट



मागच्या आठवड्यात कालव्याच्या शेपटाकडच्या एका पाहुण्याचा फोन आला. नवीन बोअर मारलं, साडेतीनशे फुटांवर पाणी लागलं. गडी खुशीत होता. म्हणाला, "दादा, पाणी एक नंबर हाय. डाळ लोण्यासारखी शिजती, साबणाला फेस येतोय. डाळिंबाला सोडू का उद्यापासनं?"

मी म्हणालो, थांब. डाळ शिजती म्हणूनच थांब.

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. फोनवर सगळं सांगता येईना, म्हणून ही नोंद लिहितोय. नेहमीपेक्षा मोठी झालीय, पण यात आमच्या नीरा खोऱ्याचा दीडशे वर्षांचा हिशोब आहे आणि माझ्या घरचाही आहे. सावकाश वाचा.

जीभ, डाळ आणि साबण

आमचं गाव नीरा डाव्या कालव्यावर, बारामतीच्या खालच्या अंगाला. सह्याद्रीचा पाऊस आमच्यापर्यंत येईस्तोवर संपतो. वर्षाला पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक म्हणतात यंदा बरं झालं. अशा मुलखात पाणी पारखायची विद्या जुनी. आमच्या आजीकडं तीन परीक्षा होत्या. पहिली जीभ : पाणी गोडं, मचूळ की खारं. दुसरी तुरीची डाळ : शिजती का दडस राहती. तिसरी साबण : फेस येतो का चोथा होतो.

ही विद्या खोटी नव्हती. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असलं की पाणी जड होतं. अशा पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाचा चोथा होतो. डाळ शिजेना की बायका चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायच्या, मग शिजायची. हा सोडा ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

पण जिभेला सगळं कळत नव्हतं. जुन्या पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी सगळ्यात गोड म्हणून लोक तेच प्यायचे. त्याच पाण्यातून नारू व्हायचा. मी लहान असताना आमच्या आळीत एका म्हाताऱ्याच्या पायातून नारू निघत होता. रोज काडीला थोडा थोडा गुंडाळायचा, तुटला की पाय सुजायचा. नारू झालेला माणूस पायरीवर उतरून पाण्यात पाय घालायचा, जंताची पिल्लं पाण्यात जायची, तिथल्या बारीक किड्याच्या पोटात वाढायची आणि पाण्याबरोबर दुसऱ्याच्या पोटात. पाणी गोड, स्वच्छ, थंड. जिभेनं पास केलेलं. देशातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पाणी गाळून प्यायची सवय लागली, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, हातपंप आले, तेव्हा ते झालं.

कालवा आला

आता थोडं मागं जाऊ. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ. दख्खनमध्ये माणसं आणि जनावरं किड्यामुंगीसारखी गेली. त्या काळात दुष्काळी कामं म्हणून जी कामं निघाली, त्यातलं एक नीरा डाव्या कालव्याचं. भोरजवळ येळवंडी नदीवर भाटघरचं धरण, वीरला नीरेवर बंधारा आणि तिथून पुरंदर, बारामती, इंदापूर अशा कोरड्या मुलखातून शंभरेक मैल कालवा. १८८५ च्या सुमारास पाणी वाहायला लागलं.

त्या वेळी सरकारपुढं आणि रयतेपुढं प्रश्न एकच होता : पाणी आहे का नाही. कसलं आहे हे कोण विचारणार? आणि कालव्याचं पाणी होतंच चांगलं. सह्याद्रीच्या पावसाचं, जवळजवळ मीठ नसलेलं पाणी. आजही तपासलं तर जिरायतीला, बागायतीला त्याला नाव ठेवायला जागा नाही.

सुरुवातीला शेतकरी पाणी घेईनात. पाऊस झाला की पाटाकडं पाठ, पाऊस दडला की सगळ्यांची एकदम मागणी. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या वेळचे इंजिनिअर विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. पाणी थोड्या गावांत मुरवण्यापेक्षा लांबवर ठराविक ब्लॉकला द्यायचं, ब्लॉकच्या काही भागातच ऊस, बाकीच्यात दुसरी पिकं, आणि फेरपालट. त्यामागं पाणी वाया जाऊ नये हे तर होतंच, पण एकाच रानात सारखं पाणी मुरून जमीन पाणथळ होऊ नये हाही विचार होता.

ऊस मात्र वाढत गेला. सासवडकडची माळी मंडळी खंडानं रानं घेऊन ऊस करायला आली. कष्टाळू लोक, त्यांनी आमच्या लोकांना बागायत शिकवली. गूळ निघाला, पैसा दिसला. काळ्या रानात पाणी भरपूर सोडलं की ऊस जोरात येतो ही समजूत तेव्हापासूनची.

पाणी चांगलं, रान बिघडलं

वीस-पंचवीस वर्षांत रानावर पांढरं मीठ फुटायला लागलं. सखल भागातल्या विहिरींचं पाणी काठोकाठ वर आलं. ज्या रानात सोन्यासारखी ज्वारी येत होती तिथं बी उगवेना.

१९०७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजात हॅरॉल्ड मान नावाचे प्रिन्सिपॉल आले. मूळचे रसायनशास्त्रवाले, त्याआधी चहाच्या मळ्यांच्या जमिनीवर काम केलेले. त्यांनी आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींची पाहणी केली आणि १९१० साली मुंबई सरकारच्या शेती खात्यानं ती छापली. निदान असं की कालव्यामुळं जमिनीखालचं पाणी वर आलंय आणि त्याला बाहेर जायला वाट नाही.

ते कसं घडतं हे आपल्या भाषेत सांगतो. आपल्या काळ्या दगडातून, मुरमातून आणि मातीतून थोडं थोडं मीठ कायम सुटत असतं. पाऊस कमी म्हणून ते धुऊन समुद्राला जात नाही, खालीच पडून राहतं. वरून पाणी सोडत गेलं की खालची पातळी चढते. ती चार-पाच फुटांच्या आत आली की दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं पाणी मातीतून वर चढतं. ऊन पाण्याला उडवून नेतं, मिठाला नेत नाही. मीठ वर साठतं. म्हणजे रान पाटाच्या पाण्यानं खारवलं नाही, पाटाच्या पाण्यानं खालचं जुनं मीठ वर आणलं.

आमच्या आजाची ओढ्याकडची सहा एकरं अशीच गेली. आजपण त्या तुकड्याला आम्ही चोपणाचं रान म्हणतो. आजा म्हणायचा, "पाणी ग्वाड होतं रं, मग रान खारट कुठनं झालं?" त्याला मरेपर्यंत हे कोडं सुटलं नाही. मान-ताम्हणे यांचं उत्तर तेव्हा छापून तयार होतं, पण इंग्रजीत, आणि आजाला अक्षर येत नव्हतं.

पुढं १९१६ मध्ये मुंबई सरकारनं कालव्यांच्या सिंचनाचा अभ्यास करायला खास विभाग काढला. आज खडकवासल्याला पाण्यावरची जी मोठी संशोधन संस्था आहे तिची सुरुवात तीच. इंग्लिस नावाच्या इंजिनिअरच्या काळात कालव्याखालच्या जमिनींतून निचऱ्याचे चर काढायच्या कामाला जोर आला. १९३२ साली नीरेजवळ पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं आणि तिथं कालव्याखालच्या काळ्या मातीचे प्रकार, त्यातले क्षार, त्यावरचे उपाय यांचा अभ्यास झाला. यातून एक गोष्ट पक्की झाली : क्षारपड जमिनीला पहिलं औषध म्हणजे चर. पाण्याला जायला वाट नसेल तर बाकीची औषधं वाया.

इथपर्यंतचा धडा सरळ होता. पण त्यावरून आमच्या लोकांनी एक उलटा अर्थ काढला. वरचं पाणी रानाला खारवतं, तर खोल खडकातलं पाणी काढा, त्यानं पातळी उतरंल आणि रान सुधरंल. अर्धं खरं आहे हे. अर्ध्यात मी फसलो.

बहात्तर साल आणि बोअर

१९७२ चा दुष्काळ माझ्या आठवणीत नाही, मी तेव्हा दोन वर्षांचा. आई सांगायची, विहिरीच्या तळात उतरून वाटीनं पाणी भरलं. त्याच वर्षी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा सुरू झाली. हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं आली, काळा दगड फोडून दोनशे फूट खाली जाता यायला लागलं. हातपंपही महाराष्ट्रातल्याच मेहनतीतून सुधारले. आधी जालना पंप, मग ऑस्कर कार्लसन यांनी बनवलेला सोलापूर पंप. त्या सोलापूर पंपाच्या धर्तीवर इंडिया मार्क दोन तयार झाला आणि देशभर गेला. आपल्या शाळेजवळ जो हातपंप आहे तो बहुतेक तोच.

या पंपांनी लाखो लोकांना दुष्काळात जगवलं आणि नारू घालवायलाही हातभार लावला. त्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पण पाणी बदललं हे कुणी मोठ्यानं सांगितलं नाही. तीस-चाळीस फुटी विहिरीचं पाणी म्हणजे दोन-चार पावसाळ्यांचं पाणी. खोल खडकातलं पाणी वर्षानुवर्षं दगडाच्या फटीत मुरत पडलेलं. तिथं पाणी आणि दगड-माती यांची देवाणघेवाण होते. पाण्यातला कॅल्शियम बसतो, सोडियम वाढतो, सोड्याचा अंश वाढतो. आणि कॅल्शियम कमी झाला की फ्लोराइड पाण्यात जास्त विरघळून राहू शकतं. प्रत्येक बोअरला असंच होतं असं नाही. शेजारी शेजारी दोन बोअरांचं पाणी वेगळं निघतं. म्हणून तर तपासायचं.

आजीच्या सोड्याची आठवण ठेवा म्हणालो होतो. ज्या पाण्यात सोडा आधीच विरघळलेला आहे त्यात डाळ मऊच शिजणार. साबणाला फेसही येणार. आजीच्या दोन परीक्षांत ते पाणी पहिल्या नंबरानं पास.

माझी चूक

२०१२ च्या दुष्काळात विहीर आटली. मी चारशे फूट बोअर मारलं. पाणी जरा सपक, पण खारं नाही. डाळ विहिरीच्या पाण्यापेक्षा लवकर शिजायला लागली. घरात सगळे खूश. प्यायला तेच, स्वयंपाकाला तेच आणि दोन एकर डाळिंबाला ठिबकनं तेच. एकानं खिशातलं टीडीएस मीटर बुडवून दाखवलं. विहिरीच्या पाण्याला आणि बोअरच्या पाण्याला जवळपास एकच आकडा. मी म्हणालो, मग काय वाईट आहे?

चार वर्षं चाललं. मग ड्रीपरखाली माती चिकट, काळपट दिसायला लागली. पावसाचं पाणी रानात थांबायचं, मुरायचं नाही. वाळलं की फरशीसारखं कडक. खत टाकतोय, फवारतोय, झाड सुधरंना. २०१८ साली शेवटी पाण्याची बाटली प्रयोगशाळेत नेली. बाटलीवर लिहिलं : सिंचनासाठी. अहवाल आला. पाणी रानाला नको, सोडियम जास्त. ठीक आहे म्हणालो, रानाचं पाणी बंद करू, आटवू. प्यायचं तेच चालू ठेवलं. अहवालात त्याबद्दल काही वाईट लिहिलेलं नव्हतं.

माझी पुतणी २०१३ ची. जन्मल्यापासून त्याच पाण्यावर. २०२० मध्ये तिचे पुढचे पक्के दात आले, त्यावर पांढरे-पिवळट चट्टे. आधी वाटलं घासत नाही नीट. तिला रागावलो पण. मग दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? तेव्हा दुसरी बाटली नेली, तिच्यावर लिहिलं : पिण्यासाठी. फ्लोराइड १.८ आलं.

पहिल्या अहवालात फ्लोराइड नव्हतं, कारण मी ते विचारलंच नव्हतं. रानाला फ्लोराइडनं सहसा काही होत नाही, म्हणून सिंचनाच्या तपासणीत ते बघत नाहीत. प्रयोगशाळेची काही चूक नाही. भावजयीनं एकच विचारलं, "दादा, तुम्ही तर पाणी तपासून आणलं होतं ना?" मला उत्तर देता आलं नाही. भाऊ काही बोलला नाही, ते जास्त लागलं.

दोन पाण्यांचा हिशोब

त्यानंतर मी विहीर आणि बोअर दोन्हीच्या पुऱ्या तपासण्या करून घेतल्या. आकडे मुद्दाम देतोय. कृषी सहायक, शेतीशाळेतली पोरं वाचतात, त्यांनी पडताळून बघावं. कॅल्शियम वगैरेचे आकडे मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये आहेत.

विहीर : ईसी १.९. कॅल्शियम अधिक मॅग्नेशियम १४. सोडियम ५. कार्बोनेट-बायकार्बोनेट ६. जडपणा ७०० मिलिग्रॅम. नायट्रेट ९३ मिलिग्रॅम. फ्लोराइड ०.६.

बोअर : ईसी १.९. कॅल्शियम अधिक मॅग्नेशियम ४. सोडियम १५. कार्बोनेट-बायकार्बोनेट १०. जडपणा २००. नायट्रेट १२. फ्लोराइड १.८.

ईसी म्हणजे एकूण मीठ किती. दोन्हीकडं सारखंच, टीडीएस बाराशेच्या आसपास. म्हणून मीटर फसलं. मीठ किती हे मीटर सांगतं, कुठलं मीठ हे सांगत नाही.

आता रानाचा हिशोब. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला क्षारांची प्रयोगशाळा आहे. तिनं १९५४ साली एक पुस्तक काढलं, त्यातली वर्गवारी आजही आपल्या अहवालात येते. ईसी ०.७५ ते २.२५ म्हणजे जास्त क्षाराचं पाणी, निचरा असेल तरच वापरा. सोडियमसाठी एसएआर काढतात : कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बेरजेचा निम्मा घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, त्यानं सोडियमला भागा. माझ्या विहिरीचं येतं १.९, बोअरचं १०.६. दहाच्या वर गेलं की भारी काळ्या रानात धोका सुरू. त्याआधी १९५० मध्ये ईटन यांनी आणखी एक सोपा हिशोब मांडला होता, तो आरएससी. कार्बोनेट-बायकार्बोनेटमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा करा. सव्वाच्या आत आलं तर ठीक, अडीचच्या वर गेलं तर पाणी रानाला नको. माझं बोअर : १० वजा ४, म्हणजे ६. विहीर : ६ वजा १४, म्हणजे शिल्लक काहीच नाही.

यातलं गणित असं. मातीचे बारीक कण कॅल्शियममुळं एकमेकांना धरून असतात, त्यांच्यामध्ये हवा-पाण्याला जागा राहते. शिल्लक सोडा रानात गेला की तो मातीतल्या कॅल्शियमला धरून चुनखडी करून बसवतो आणि त्याची जागा सोडियम घेतो. सोडियमनं कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, रानाची फरशी होते. ज्या कारणानं डाळ मऊ झाली त्याच कारणानं माझं रान कडक झालं.

आता पोटाचा हिशोब. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं : फ्लोराइड १ च्या आत हवं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. नायट्रेट ४५ च्या आत, त्यात सूट नाही. जडपणा २००, नाइलाजानं ६००. टीडीएस ५००, नाइलाजानं २०००. म्हणजे बोअर फ्लोराइडमध्ये नापास, विहीर नायट्रेट आणि जडपणात नापास. नायट्रेट कुठून आलं? उकिरडा विहिरीपासून पन्नास फुटांवर, आणि वर्षानुवर्षं टाकलेला युरिया. तान्ह्या बाळाला हे पाणी घातक. फ्लोराइड काय आणि नायट्रेट काय, दोन्हीला चव नाही, वास नाही, आणि उकळून जात नाहीत. उकळलं तर पाणी आटून उलट दाट होतात.

पण तेच नायट्रेट रानात खत आहे. या विहिरीच्या लाखभर लिटर पाण्यातून पिकाला दोन किलोच्या आसपास नत्र मिळतं. बाळाला विष ते उसाला खत. म्हणून "पाणी चांगलं आहे का" या प्रश्नाला अर्थ नाही. कशासाठी, कुणासाठी, कुठल्या रानात, हे आधी विचारायचं.

आता काय करतोय

एक. प्यायला दोन्ही पाणी बंद. गावातल्या आरओचं आणतो. आरओनं फ्लोराइड आणि नायट्रेट दोन्ही कमी होतात, पण बाजूला निघणारं टाकाऊ पाणी दाट असतं, ते पुन्हा विहिरीच्या अंगाला सोडू नका. ज्या गावात आरओ नाही आणि फ्लोराइड आहे त्यांनी नलगोंडा पद्धतीची माहिती आरोग्य केंद्रात विचारावी. नागपूरच्या नीरी संस्थेनं १९७० च्या दशकात ती शोधली. चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर, एवढंच सामान, पण प्रमाण जाणत्या माणसाकडून ठरवून घ्या.

दोन. रानाला बोअरचं पाणी एकटं देत नाही. शेततळ्यात निम्मं विहिरीचं, निम्मं बोअरचं मिसळतो. हिशोब करा : कॅल्शियम-मॅग्नेशियम ९, सोडियम १०, बायकार्बोनेट ८. आरएससी शिल्लक राहत नाही, एसएआर पाचाच्या आत येतो. दोन वाईट पाणी मिळून एक चालण्यासारखं पाणी होतं. अडचण एकच, माझी विहीर फेब्रुवारीत आटते. त्यापुढं फक्त बोअर. म्हणून दोन एकर डाळिंबातलं एक एकर मी काढून टाकलं. काढताना वाईट वाटलं, पण उन्हाळ्यात जेवढं चांगलं पाणी तेवढंच झाड.

तीन. बिघडलेल्या एकरात आधी चर काढला. मग माती तपासून जिप्सम, त्यावर ताग-धैंचा गाडला. पाण्यासाठी जिप्समचा ढोबळ हिशोब असा : आरएससी एकानं उतरवायला हजार लिटरला ८६ ग्रॅम शुद्ध जिप्सम. सहावरून अडीचवर आणायचं तर हजार लिटरला ३०० ग्रॅम. एकराला एक इंच पाणी म्हणजे एक लाख लिटरच्या थोडं वर, त्याला तीस किलो. हे पाटपाण्याला जमतं. ठिबकमधून सोडू नका, ड्रीपर चुन्यानं बसतील. तीन वर्षं झाली, आता पाऊस पडला की पाणी मुरायला लागलंय. पुरतं सुधारलेलं नाही.

चार. उकिरडा हलवला. हे सगळ्यात स्वस्त काम होतं आणि सगळ्यात उशिरा केलं.

नमुना असा घ्या. पंप पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. लिटरभराची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा, झाकण घट्ट. एक बाटली नाही, दोन. एकीवर लिहा सिंचनासाठी, दुसरीवर पिण्यासाठी. तारीख, खोली, पीक लिहा. दिवसाभरात पोचवा. जंतूंची तपासणी हवी असेल तर बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली मागून घ्या. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर तपासा, आकडे बदलतात.

मंडळी, आजाच्या वेळी प्रश्न होता पाणी आहे का. आईच्या वेळी होता पाणी पुरंल का. दोन्ही प्रश्न जीव वाचवायचे होते, त्यांना दुसरं काही विचारायला सवडच नव्हती. मला सवड होती. जिल्ह्याच्या गावी प्रयोगशाळा होती, खर्च एका फवारणीपेक्षा कमी होता. मी डाळीवर विसंबलो.

पुतणी आता मोठी झालीय. फोटो काढताना ओठ मिटून हसते. तिला अजून कुणी काही बोललेलं नाही, पण मला दिसतं.

पाहुण्याला मी फोनवर एवढंच सांगितलं, की डाळिंबाला पाणी सोडायच्या आधी दोन बाटल्या घेऊन ये, माझ्या गाडीवर जाऊ. उद्या सकाळी निघतोय. आणखी कुणाला पाठवायची असंल तर आज संध्याकाळपर्यंत भरून घरी आणून द्या. नाव आणि कशासाठी ते लिहायला विसरू नका.